आडवी वाट

“आवं, मागं फिरूया,” क्रांती पुन्हा म्हणाली.

जयराजने वळूनही पाहिलं नाही. कुणी मागं फिरूया म्हटलं की त्याचे पाय उलट जास्तच झपाझप पडायचे. सतरा वर्षं फौजेत काढलेला गडी. काश्मीरचे डोंगर तुडवून आलेल्याला कोरेगावच्या डोंगराची काय मातब्बरी!

“खाली मनुबाई काय म्हणल्या, ऐकलंसा न्हवं? परवाच्या पावसानं आडवी वाट लय निसरडी झालीया. गावातलं कोण बी सध्या तिकडनं जात न्हाई.”

“पुजाऱ्याच्या बायकोला डोंगर कळतोय, आनि मला न्हाई व्हय?”

“मग मी तिथंच देवळात बसत हुते. ते बी ऐकलं न्हाईसा.”

“बसायचंच हुतं तर गावाला आलीस कशाला? माधवनगरला आपला फ्लॅट हाय की. तिथं बस म्हणं दिवाळीभर.”

वाद नवा नव्हता. टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा इथपासून पोरीला कुठल्या शाळेत घालायचं इथपर्यंत, क्रांतीने सांगायचं आणि जयराजने आपलंच खरं करायचं, असा त्या घरचा रिवाज होता. बारा वर्षं तो बिनचूक पाळला गेला होता.

आजचा दिवसच तसा वाकडा उगवला होता. सकाळी घरातून निघताना क्रांती घाईघाईत “जातो आमी” म्हणाली, तशी जयराजच्या आईने, बनुबाईंनी, दोघांना अंगणातून माघारी बोलावलं.

“जातो म्हनू ने गं, अभद्र! डोंगरावर निघालाय. येतो म्हन.”

क्रांतीने उंबऱ्यात उभं राहून निमूटपणे “येतो” म्हटलं. आजीला बिलगून उभी असलेली शिवांजली आईची फजिती बघून खुदकन हसली. जयराज मात्र वेळ गेला म्हणून वैतागला होता.

वरच्या झाडीत वानरांची धांदल चालली होती. दोन-चार बारके धोंडे घरंगळत आले आणि दरीत गेले. समोर आडवी वाट सुरू होत होती. कड्याच्या पोटातून गेलेली, जेमतेम एका माणसापुरती. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. जरा पुढे गेल्यावर वाट वळत होती आणि वळणापलीकडचं दिसत नव्हतं. शेवाळ उन्हात चकाकत होतं.

क्रांती काठीवर भार देऊन थांबली. ती काठी तिने देवळापाशी उचलली होती आणि तेव्हापासून जयराज तिला म्हातारी म्हणून चिडवत होता.

“तुमाला काय झालं तर घरी आत्याबाईंना मी कुठल्या तोंडानं सांगू?”

“काय हुत न्हाई. ह्यो मी निघालो बघ. वळणाच्या पल्याड थांबतो.”

त्याने कातळाकडे तोंड केलं आणि पाऊल टाकलं. मागून क्रांती शांतपणे म्हणाली, “बरं. येते मी.”

“ये. सावकाश,” तो म्हणाला. “पायाखाली बघ.”

वाट खरोखरच वाईट होती. वळणावर त्याचा पाय सटकला, तेव्हा त्याने कातळातली खोबण घट्ट धरली. क्रांतीचं बरोबर होतं, हे त्याला तिथंच पटलं. पण तसं कबूल करील तर तो जयराज कसला!

“हितं खोबण हाय गं, तिच्यात हात घाल,” तो ओरडून म्हणाला.

उत्तर आलं नाही. रुसली असेल, त्याला वाटलं. पलीकडे पोचून तो टेकला, पाणी प्याला आणि वाट बघू लागला.

आणि मागे धोंडे कोसळले. धडाधड आवाज दरीत उतरत गेला, झुडपं मोडली, आणि मग सगळं चिडीचूप झालं.

“क्रांती!”

तो आल्या वाटेने माघारी निघाला, चालत नव्हे, रांगत. वळण आलं. वळणावर कुणी नव्हतं. वाटेच्या तोंडाशी कातळाला टेकून तिची काठी उभी होती. क्रांती नव्हती.

मन चिंती ते वैरी न चिंती. सकाळचं ते “जातो” त्याच्या कानात घणासारखं वाजू लागलं. तिचा फोन त्याच्याच पिशवीत होता आणि त्याच्या फोनला रेंज नव्हती. झुडपं धरून तो उतारावर जमेल तेवढा खाली गेला, हाका मारमारून त्याचा घसा बसला, तळहात सोलून निघाले. मग तो मोठ्याने रडू लागला. एकदा, फक्त एकदा तिचं ऐकलं असतं तर! देवा, ती सापडू दे. पुन्हा कधी तिच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

देवळापाशी माणसं मिळतील, दोर मिळेल. तीच काठी घेऊन तो धडपडत, घसरत डोंगर उतरला. शिवांजलीला काय सांगायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

देवळाच्या पायरीवर क्रांती मनुबाईंबरोबर शेंगा फोडत बसली होती.

जयराज तिच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला.

“आलासा? काठी आणलीसा, लय बरं केलंसा. उतरताना तुमाला लागंल म्हणूनच ठेवली हुती,” ती म्हणाली. “आनि हातांचं काय करून घेतलंसा हे? बसा बघू आधी.”

तो मटकन पायरीवर बसला. क्रांती मनुबाईंकडे वळली. तिचा चेहरा इतका खुललेला त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“हेच बघा आमचं मालक. बारा वर्सांत आज पयल्यांदा माझं ऐकलं. माघारी निघताना मी ‘येते मी’ म्हणलं, तर जरा बी वाद न घालता म्हणलं, ‘ये. सावकाश.’”