शेवटचं पाणी

काचेच्या भांड्यात मल्हारीचं नवं काळीज धडधडत होतं, आणि मल्हारीला तर कालच अग्नी दिला होता.

त्याच्याच पेशींतून ते उगवताना अनसूयानं, त्याच्या आईनं, पाहिलं होतं. आधी नुसती एक सरळ नळी. मग पोटातल्या बाळाची वळते तशी ती उजवीकडे वळली, आत पडदे धरले, बाहेर मुळांसारख्या रक्तवाहिन्या फुटल्या. अनसूया रोज येऊन त्याला पाळणा म्हणायची. काळीज पुरतं भरलं, पण मल्हारीला तेवढा दम निघाला नाही.

"काकू, दुसऱ्या कुणाच्या अंगाला हे हृदय चालत नाही," प्रयोगशाळेतली फरीन हळूच म्हणाली. "बंद करावं लागेल. तुम्ही बाहेर बसा."

"थांब गं बाई. त्याच्या तोंडात नळ्या होत्या, शेवटचं पाणीसुद्धा घालू दिलं नाही मला." अनसूयानं पिशवीतून तांब्या आणि पळी काढली, तांब्यात तुळशीचं पान तरंगत होतं. "ह्याला तरी घालते."

फरीननं भांड्याचं झाकण उघडलं.

अनसूया पळी भरून वाकली आणि तशीच थबकली.

"अगं, ह्याला तोंड कुठंय?"

खाली ते काळीज तहानल्यासारखं उघडत होतं, मिटत होतं.