बुडालेल्या नगरीतली लिफ्ट

स्वयंपाकाच्या मावशी चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्यात आल्या, तेव्हा इमारतीच्या अध्यक्षीणबाई रडत होत्या. डोळे मिटून, पण काजळ पसरणार नाही अशा बेताने.

"आमची सोन्याच्या कळसांची नगरी समुद्रात चालली होती," त्या म्हणाल्या. "पाणी चढत होतं. मी राणी! मुकुट भिरकावला आणि गोरगरिबांसाठी महालाचे दरवाजे सताड उघडले!"

गोल करून बसलेल्या बायकांनी हुंदके दिले. दर आठवड्याला इथे मागचे जन्म आठवायचे. धोबीण किंवा मोलकरीण त्या जन्मी कुणीच नव्हतं, मेल्या सगळ्या राण्या नाहीतर पुजारिणी! बैठकीचा नियम एकच होता, कुणाच्या आठवणीला खोटं म्हणायचं नाही.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांची सून याच इमारतीचे जिने पुसायची. दिवस भरत आलेले, पाय सुजून खांबासारखे झालेले. आणि लिफ्टवर पाटी: नोकरांनी लिफ्ट वापरू नये. खाली सही अध्यक्षीणबाईंची. काल पोर पायरीवरून घसरता घसरता वाचली, तेव्हापासून मावशींच्या जिवात जीव नव्हता.

"मावशी, तुम्हीही होतात तिथे!" अध्यक्षीणबाईंनी एकदम त्यांचा हात धरला. "डोळ्यांवरून ओळखलं मी. असंच हाताला धरून तुम्हाला आत घेतलं होतं."

"मग या जन्मी एवढं करा, बाई. बाळंत होईपर्यंत सुनेला लिफ्टने जाऊ द्या."

हात सुटला. "अहो, हे काय आत्ता? नियम सगळ्यांना सारखा. एकीला सोडलं की उद्या सगळ्या चढतील."

"सगळ्या म्हणजे, महालात घेतलेल्याच ना?"

एक पाहुणी फिसकन हसली आणि घाईघाईने खोकली.

मावशींनी ट्रे ठेवला. रिकाम्या खुर्चीवर बसल्या. इतकी वर्षं या घरात राबल्या, पण त्या खुर्चीला कधी टेकल्या नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले.

"मलाही दिसतंय हो. पाणी गळ्याशी आलंय. पोटुशी पोर माझ्या हाताला लोंबकळतेय. आम्ही महालाचं दार बडवतोय, बडवतोय. कडी आतून लावलेली. आणि आतून राणी म्हणतेय, नियम सगळ्यांना सारखा."

"खोटं! साफ खोटं!" अध्यक्षीणबाई किंचाळल्या.

"असं म्हणायचं नसतं ना इथे?" सगळ्यात वयस्कर पाहुणी म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "दार का नाही हो उघडलंत?"

अध्यक्षीणबाई लालबुंद झाल्या. "चालती हो! सुनेलाही घेऊन जा. पुन्हा या इमारतीत पाऊल टाकलंस तर बघ!"

मावशी बाहेर आल्या. दोघींचं काम गेलं होतं, आणि घरात पाळणा हलायचा होता. सून बादलीशेजारी पायरीवर बसली होती. मावशींनी तिला काखेत हात घालून उठवलं, लिफ्टपाशी नेलं आणि बटण दाबलं.

सून घाबरली. "अहो आई, परवानगी मिळाली?"

"मिळाली होती म्हणे," मावशी म्हणाल्या. "मागच्या जन्मी."