मनगटावरचं पोटीस

पावाचं पीठ मळायला म्हातारा बेकरीवाला उठला, तेव्हा त्याचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. "आज मी मळते ना, बाबा," सून म्हणाली. "माझ्या परातीला हात लावायचा नाही," तो गुरगुरला. "मुलालासुद्धा लावू दिला नाही मी." निदान पोटीस तरी बांधू म्हणून तिनं मैद्यात हळद आणि किसलेलं आलं घातलं, भट्टीजवळच्या भांड्यातलं कोमट पाणी ओतून गोळा मळला आणि फडक्यानं त्याच्या मनगटावर बांधला. उबेनं ठणका जरा उतरला आणि म्हाताऱ्याला खुर्चीतच डुलकी लागली. फडकं करकचून आवळल्यासारखं वाटलं तेव्हा तो जागा झाला. गोळा चारी बाजूंनी बाहेर आला होता, पिवळाधमक, गुबगुबीत. भांड्यातल्या पाण्यात त्यानंच यीस्ट भिजवून ठेवलं होतं. "अगं सूनबाई," तो ओरडला, "सूज उतरवायला बांधलंस आणि हेच सुजलं की!"

"काढते बाबा, चुकलं माझं."

"थांब." त्यानं डाव्या हाताच्या बोटानं गोळा दाबला. खळगा पडला आणि सावकाश भरून आला. त्यानं पुन्हा दाबून पाहिलं.

"असं मळायला कुठे शिकलीस?"

"गल्ल्यावरून तुमच्याकडे बघून."

म्हातारा खुर्चीतून उठला. मग तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "या एप्रनची गाठ मला एका हातानं सुटत नाही. सोड."

तिनं सोडली.

"आता स्वतःला बांध. मीठ मात्र मीच घालणार, सांगून ठेवतो."