ऑल क्लिअर

"ऑल क्लिअर!"

हाक अंगणातून आली. अंबूबाईच्या हातातलं सूप थांबलं.

हे शब्द एरवी तीच म्हणायची. पलटणीतून पळून आलेल्या अर्जुनानं ते तिच्याकडून घोकून घेतले होते. "विमानं गेली की सायब वरडतो, आये. तवर खंदकातनं मुंडी काढायची न्हाई." दिवसभर तो मागच्या उसात दडायचा. कुणी नाही असं बघून ती बांधावरून हळूच ते म्हणायची, की तो भाकरीला यायचा.

आज अंगणात खाकी वर्दीतला माणूस उभा होता. वर्दी मळकी, पाय अनवाणी. सोबत पोलीस पाटीलही नव्हता.

"मावशी, अर्जुना कुठाय?"

"फौजेत. तुमालाच ठावं."

"हितंच हाय त्यो. बोलवा बिगीनं." तो सारखा रस्त्याकडं बघत होता. मग उसाकडं तोंड करून पुन्हा ओरडला, "ऑल क्लिअर!"

ऊस हलल्यासारखा वाटला. सापडलो तर गोळी घालतील, असं अर्जुनाच म्हणाला होता.

"वरडू नगा," ती म्हणाली. "पेवात हाय त्यो."

"पेव म्हंजे?"

"जमिनीत हळद साठवायचा खड्डा. तुमचं गाव कंचं?"

"शिरवळ."

शिरवळच्या माणसाला पेव कुठून ठाऊक असणार! इथं हरिपुरात मात्र पोरंसोरंही जाणतात. पेवाच्या तोंडावरची फरशी काढली की आधी दोराला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. ज्योत विझली तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. कोंडलेल्या हळदीवरची हवा माणसाला हाक मारायलाही सवड देत नाही.

कंदील खुंटीला होता. तिनं तिकडं पाहिलं नाही.

दोघांनी मिळून अंगणातल्या पेवावरची फरशी सरकवली. तिनं खांबाला बांधलेला दोर आत सोडला.

"वरनं झाकून घेतलंय व्हय? लय भित्रा गड्या!" हसत त्यानं दोर धरला आणि तो आत उतरला.

दोर ताणला, हलला. मग सैल पडला.

आतून काहीच आवाज आला नाही.  पदर तोंडाशी धरून अंबूबाई बांधावर गेली आणि हळूच म्हणाली, "ऑल क्लिअर."

अर्जुना पाचोळा झटकत बाहेर आला. त्याचा चेहरा फुलला होता.

"मानसिंगची हाक हुती न्हवं? माझ्यासंगंच पळाला त्यो. पर तू म्हटल्याबिगर यायचं न्हाई, म्हनून दम धरला." तो तिच्या मागं अंगणात बघू लागला. "भ्यालीस का काय, आये? मीच सांगितलं हुतं त्याला, आपला शब्द म्हन, आय वळखंल."