कुंपणाला मोडता

"मागच्या फाटकापाशी नको. तिकडून वारा बागेत वाहतो. सगळा वास आत येईल," पोस्टमास्तर म्हणाले.

बाग समितीच्या अध्यक्षबाईंनी नकाशावर टेकवलेली पेन्सिल पुन्हा उचलली. नगररचना खात्यात आयुष्यभर नकाशे काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण एका नकाशासाठी इतकं खोडरबर त्यांनी कधी झिजवलं नव्हतं. माळ्याच्या खोलीत टेबलावर बागेचा नवा नकाशा पसरला होता. तो उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर रिकाम्या कुंड्या ठेवल्या होत्या. नवे दिवे मंजूर झाले होते. घसरगुंडी मंजूर झाली होती. पायवाटेच्या फरशीला तर टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. घोडं अडलं होतं ते कुत्र्यांच्या जागेवर.

प्रस्ताव अगदी साधा होता. बागेच्या पार टोकाला कुंपण घालायचं, आत वाळू, पाण्याची टाकी आणि पळायला मोकळी जागा. कुत्र्यांनी तिथे हवा तेवढा धिंगाणा घालावा. त्या बदल्यात उरलेल्या बागेत कुत्र्यांना बंदी. कुत्रेवाले खूश होते, बिनकुत्रेवाले त्याहून खूश होते. पालिकेला मात्र ठराव एकमताने हवा होता आणि एकटे पोस्टमास्तर दर बैठकीला मोडता घालत होते. आधी म्हणाले, भुंकण्याचा त्रास होईल. मग म्हणाले, गवत मरेल. मग म्हणाले, कुंपणाने बागेची शोभा जाईल. आज वाऱ्याची पाळी होती.

पोस्टातल्या माणसाचं आणि कुत्र्यांचं हाडवैर असणारच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. वास्तविक पोस्टमास्तरांनी सगळी नोकरी खुर्चीत बसून केली होती. पत्रं वाटायला जाणारे वेगळे होते आणि चावून घेणारेही तेच होते.

खरं कारण होतं ढब्बू. हा लठ्ठ तांबडा कुत्रा लहानाचा मोठा झाला तो पोस्टमास्तरांच्या घरात, त्यांच्याच पायाशी. पुढे मुलाचं आणि सुनेचं बिनसलं, काडीमोड झाला आणि सून ढब्बूला घेऊन माहेरी गेली. माहेर दोन गल्ल्या पलीकडे. तिचे वडील दातांचे डॉक्टर. एके काळी पोस्टमास्तर आणि डॉक्टर एकमेकांशिवाय संध्याकाळचा चहा घेत नसत. भांडण झालं मुलांचं आणि अबोला आला या दोघांच्या वाट्याला. वाकडा शब्द कोणीच बोललं नव्हतं. आधी कोणी बोलायचं, एवढंच ठरत नव्हतं.

तरी रोज सकाळी ढब्बू यायचा. पोस्टमास्तर कारंज्यासमोरच्या बाकावर पेपर उघडून बसत. थोड्या वेळाने त्यांच्या गुडघ्याला केसाळ पाठ घासे. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर, घामाघूम, धापा टाकत. एवढ्या दांडग्या कुत्र्याने बागभर ओढत आणल्यावर माणसाला दम लागणारच. मग डॉक्टर समोरच्या झाडाकडे बघत उभे राहत आणि पोस्टमास्तर पेपराआडून हात घालून ढब्बूची मान खाजवत. ढब्बू त्यांच्याकडे पाठ करून मागच्या फाटकाकडे टक लावून बसे. अजून रुसलाय, पोस्टमास्तरांना वाटे, पण येतो हे काय कमी आहे? घरात आता कोणी त्यांच्या पायात येत नव्हतं. तेवढ्या मान खाजवण्यावर त्यांचा दिवस निघून जाई.

"पोस्टमास्तर," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आवाज झाला, गवत झालं, शोभा झाली, आता वाराही झाला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? तुमचं खरं दुखणं काय ते एकदाचं सांगून टाका बघू."

पोस्टमास्तरांनी नकाशावर वीत टेकवून बघितली. कागदावर बाकापासून कुंपणापर्यंत जेमतेम एक वीत अंतर होतं. पण कुत्रा नसलेला माणूस कुत्र्यांच्या कुंपणात जाणार तरी काय म्हणून? समोर, कुत्रेवाल्यांच्या रांगेत, डॉक्टर मान खाली घालून बसले होते. त्यांनी एकाही बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्यांना उघडायला लावण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"ढब्बू रोज सकाळी माझ्या बाकाशी येतो," पोस्टमास्तर शेवटी म्हणाले. "बोलावत नाही मी. आपला आपण येतो, मालकाला फरफटत घेऊन येतो. एवढं सगळं घडलं, पण ते जनावर मला विसरलं नाही. तिकडे कुंपणात गेला की यायचा नाही. बस, एवढंच. आता घाला तुमचं कुंपण."

त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या माणसांत, या वयात, कुत्र्यासाठी असं बोलून जावं म्हणजे काय. त्यांनी चष्मा काढला आणि नसलेली धूळ पुसत बसले. कोणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी पेन्सिल हातात धरली होती, पण ती कागदाला टेकवायचं त्यांचं धाडस होईना.

डॉक्टर उभे राहिले.

"व्याही, तुम्ही पेपरातून डोकं बाहेर काढून कधी बघितलंच नाहीत," ते म्हणाले. "ढब्बू केव्हाच विसरला सगळं. त्याला रोज मागच्या फाटकाकडे खारींच्या मागे पळायचं असतं. तुमच्या बाकापर्यंत त्याला मी ओढत आणतो."