टॅगची मागची बाजू

"बहीण लिही," साहेब म्हणाले. "बहीण म्हटलं की कुणी मान वर करूनही बघत नाही."

"मला बहीण नाही, साहेब," इंजिनिअर म्हणाली.

सगळे प्रेसच्या जाळीबाहेर उभे होते. तीन पुरुष उंचीचं ते पत्रे दाबायचं यंत्र आज बंद होतं. त्यात नवा दट्ट्या बसवायचा होता, आणि त्या दट्ट्याची एकेक रेघ तिने काढली होती. आत उतरायचं तर आधी मुख्य स्विचवर आपापलं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात टाकायची. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज येत नाही.

कुलपाला टॅग, एरवी तो गळ्यात. पुढे स्वतःचं नाव. मागे घरच्या माणसाचा फोटो, फोन नंबर आणि नातं. बरंवाईट झालं तर कुणाला बोलवायचं, आणि तसं होऊ नये म्हणून कुणाकडे बघून आत उतरायचं, दोन्ही त्या मागच्या बाजूला.

टॅग दर वर्षी नवा भरायचा. तिच्या या वर्षीच्या टॅगवर एक बाई हसत होती आणि तिच्या मांडीवरची दोन वर्षांची मुलगी तिचा चष्मा ओढत होती. खाली लिहिलं होतं, जोडीदार.

"मग गेल्या वर्षीसारखं मैत्रीण लिही."

"गेल्या वर्षी माझं मनगट मोडलं तेव्हा टॅगवर ती मैत्रीणच होती. दवाखान्यात तिला दारातच अडवलं. नात्यातलं कुणी आहे का, म्हणाले. तीन तास बाहेर उभी होती, कडेवर लेक. लेक रडत होती आणि मला आतून ऐकू येत होतं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "अकराला गिऱ्हाईक येतंय. बहीण लिही, नाहीतर तुझ्या जागी दुसरा कुणी उतरेल. पुढचं कामही त्याचंच."

"दट्ट्या माझा आहे. नातंही माझंच आहे."

वेल्डरने हातातलं कुलूप परत खिशात टाकलं. "मग आपलंही लागत नाही."

"माझंही," वायरमन म्हणाला. "तशीही सकाळपासून कंबर धरलीय."

"संप करताय?"

"छे हो, साहेब. वाट बघतोय."

साहेबांनी कायदेकाकांना बोलावणं धाडलं.

काका सुरक्षा अधिकारी. त्यांच्या सहीशिवाय टॅगला किंमत नाही. भिंतीवरचा फलक त्यांनीच रंगवलेला: टॅगवर खोटी माहिती, तर काम बंद, माणूस घरी. जुना फोन नंबर लिहिला म्हणून एका फिटरला त्यांनी खरंच घरी पाठवलं होतं. स्वतःला तरी कुठे सूट? ठीक दहाला त्यांच्या भावाचा फोन येई, रक्तदाबाची गोळी घेतली का विचारायला. तोसुद्धा ते जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर जाऊनच घेत, कारण पट्ट्याच्या आत फोनला बंदी. वेल्डरने त्या भावाला एकदा फाटकाशी बघितलं होतं. "काका म्हणजे बांबू आणि भाऊ म्हणजे रांजण. एका आईची लेकरं वाटतच नाहीत," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. काका तेव्हा हसले नव्हते.

आता त्यांनी चष्मा लावला, तिचा टॅग उलटा केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"नंबर लागतो?"

"लागतो. पण लेकीने उचलला तर आधी मांजराची सगळी हकिकत ऐकावी लागेल."

"नातं?"

"लिहिलंय ते."

"विचार करून सांग, पोरी. एकदा लिहिलं की वर्षभर लटकतं. येणारा जाणारा वाचतो."

"वाचावं म्हणूनच लिहिलंय, काका."

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "जरा समजवा हिला."

"मी खरं की खोटं तेवढं बघतो, साहेब. शोभतं का, असा रकाना नाही टॅगवर." काकांनी सही केली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "सव्वीस वर्षांत असला एक तरी टॅग पास केलात?"

"नाही केला," काका म्हणाले. "खोटा मात्र एक केला. दर वर्षी."

वायरमन कंबर विसरून ताठ उभा राहिला. साहेबांच्या डोळ्यांत पुन्हा जीव आला. "कुणाचा? नियम तुमचाच आहे, काका. काम बंद, माणूस घरी. मग तो कुणी का असेना. नाव सांगा."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. दहा वाजले होते. पण आज ते पिवळ्या पट्ट्याबाहेर गेले नाहीत. सगळ्यांच्या मधोमध उभं राहून बोलले.

"घेतली गोळी... हो... आणि ऐक, चहा दोघांचा ठेव. आज मला घरी पाठवतायत."

फोन खिशात ठेवून त्यांनी स्वतःच्या गळ्यातला टॅग काढला आणि साहेबांसमोर उलटा धरला. आरामखुर्चीत एक गोलमटोल म्हातारा, अंगावर घरी विणलेला स्वेटर. खाली लिहिलं होतं, भाऊ.

काकांनी इंजिनिअरकडे पेन मागितलं, 'भाऊ' खोडलं आणि तिच्या टॅगवरचा शब्द बघून बघून खाली उतरवला.