कपाटात टांगलेला बिल्ला

वडील धडधाकट होते त्या शेवटच्या संध्याकाळी ते मटार सोलायचं सोडून लेकीचा अहवाल चाळत बसले. "आमच्या कारखान्यातल्या रसायनाची वाफ मोजलीस होय?" ते हसले. "अगं, छातीवर लावायचा वाफमोजणीचा बिल्ला कपाटात टांगून आम्ही टाकी धुवायला उतरायचो. आकडा चढला की काम बंद, मग खायचं काय?"  त्याच बिल्ल्यांच्या आकड्यांवरून लेकीने कारखान्यातली वाफ सुरक्षित मर्यादेत असल्याचं ठरवलं होतं. तो अहवाल उद्या मंजूर होणार होता. "बाबा, हे कुठे बोलू नका." "बरं, साहेब!" त्यांनी सलाम ठोकला. मंजुरीच्या दिवशीच वडिलांच्या नाकातून रक्त आलं. त्याच वाफेने होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाने महिन्यात सगळं आटोपलं. अहवाल चुकल्याचं सांगायला ती तो मंजूर करणाऱ्या समितीपुढे गेली. "बाई, कामगार तर बिल्ला लावल्याचं लिहून देतात," अध्यक्ष म्हणाले. "तुमचा साक्षीदार कोण?" "माझे वडील. त्यांना मीच गप्प केलं."